काळ्या काचांचं टॉप मॉडेल

नवी गाडी घ्यायची म्हटलं की आपल्याकडे सगळ्या घराचं मत घेतात. सगळं घर म्हणजे घरातले पुरुष, शेजारचे पुरुष आणि चहाच्या वेळेला टपकलेला कुठलाही पुरुष. ज्यांना त्या गाडीत मागे बसून दीडशे किलोमीटर जायचं असतं, त्यांनी आतून चहा पाठवायचा.

२००३ सालच्या एप्रिलमध्ये तेलगावजवळच्या विजयसिंह पाटलांच्या बैठकीत हेच चाललं होतं. ऊस बरा गेला होता, कापसानंही हात दिला होता, आणि जुनी जीप आता पाटलांच्या तोलाची राहिली नव्हती. औरंगाबादच्या शोरूममधून आणलेली चकचकीत माहितीपत्रकं सतरंजीवर पसरली होती. गाडी एकच, आठ माणसांची, उंच आणि दणकट. पण तिचे तीन प्रकार होते. साध्या मॉडेलला एसी नव्हता, म्हणून त्याचा विचार कोणी केलाच नाही. मधल्या मॉडेलला पुढे-मागे एसी होता, पण काचा हातानं फिरवून खालीवर करायच्या. टॉप मॉडेलच्या काचा बटणावर चालायच्या, चारी दारं रिमोटवर बंद व्हायची, आणि बंद गाडीला कुठून धक्का लागला की ती हॉर्न वाजवून बोंब मारायची. शिवाय तिच्या काचा कंपनीतूनच गडद यायच्या.

"इचार कावून करतो बे?" पाटलांचा बालमित्र रामकिसन म्हणाला. पाटलांच्या पुढच्या सीटवर बसणं हाच गेली दहा वर्षं रामकिसनचा मुख्य उद्योग होता. "मधलं म्हंजे धड हे न्हाई अन् धड ते न्हाई. साहेबांच्या ताफ्यात गाडी लागली तर लोकांनी मान वळवून बघाया पायजे. टॉप घे."

साहेब म्हणजे पाटलांच्या पक्षाचे पुढारी. जमलेल्या सगळ्यांनी माना डोलावल्या.

पाटलांच्या बायकोला, विमलबाईंना, ही चर्चा आतल्या खोलीत ऐकू येत होती. त्या बैठकीत येऊ शकत नव्हत्या, कारण पाटलांच्या घरात गोशा होता. निजाम गेला, जमीनदारी आटली, घरात रंगीत टीव्ही आणि फोन आला, पण गोशा काही हलला नाही. घरच्या बाईनं परक्या पुरुषासमोर यायचं नाही, प्रवासात वाटेत कुठं उतरायचं नाही, ही रीत. जुन्या जीपलासुद्धा मागे ताडपत्रीचा पडदा बांधलेला असायचा. निदान त्या पडद्याची कड बोटभर उचलून वारा तरी घेता येत होता.

जेवायला वाढताना विमलबाईंनी हळूच विषय काढला. "मधलं घ्या की. मला अन् संस्कृतीला गाडी लागती. मळमळलं की हातानं काच खाली करता येती."

आठ वर्षांची संस्कृती, त्यांची एकुलती एक मुलगी, भाकरीचा तुकडा हातात धरून आई-बापांकडे बघत होती.

"तुला काच खाली करायचीच कावून?" पाटील हसून म्हणाले. "एसी हाय ना. अन् टॉपच्या काचा काळ्या हायेत. आतलं माणूस भायेरच्याला दिसत न्हाई. तुमच्याच सोयीसाठी जास्तीचे पैसे मोजायलोय मी."

"घे बाबा तेच," पाटलांच्या आई, मोठ्याबाई, म्हणाल्या. "जीपचा पडदा वाऱ्यानं उडतो. काच उडत न्हाई. पन्नास वर्सं झाली या घरात येऊन, माझं पाऊल कुणी रस्त्यावर बघितलं न्हाई. आता म्हातारपणी कशाला?"

सासूच सुनेच्या विरुद्ध बोलल्यावर विषय संपला. आपल्या समाजात बेडीचं कुलूप घालायला फारसे पुरुष लागत नाहीत. ते काम आपण बायकांकडूनच करून घेतो आणि वर म्हणतो, बघा, त्यांनाच हवं आहे.

टॉप मॉडेल आलं. पाटलांनी कंपनीच्या गडद काचांवर आणखी काळा कागद चिकटवून घेतला, म्हणजे समोरची तेवढी काच सोडून गाडी चारी बाजूंनी आंधळी झाली. शोरूमच्या माणसानं त्यांना मागच्या दारांच्या कडेला असलेला एक बारीक खटका दाखवला. तो पाडला की मागचं दार आतून उघडत नाही, लेकरू चालत्या गाडीतून पडत नाही. संस्कृती द्वाड होती, म्हणून पाटलांनी दोन्ही दारांचे खटके पाडले. हे त्यांनी रामकिसनला सांगितलं, सालगड्याला सांगितलं, गावातल्या पाच-पन्नास जणांना रिमोट दाबून दाखवला. मागे बसणाऱ्यांना सांगायचं मात्र त्यांच्या मनातही आलं नाही.

मे महिन्यात नवी गाडी घेऊन तुळजापूरला देवीच्या पायाशी जायचं ठरलं. तेलगावहून सरळ रस्ता धारूर-केजवरून. पण साहेब त्या दिवशी बीडला होते, आणि गाडी साहेबांच्या नजरेखालून जायला हवी होती. देवी काय, कुठं जात नाही. वाट वाकडी करून पाटील बीडला गेले, तर साहेब दौऱ्यावर निघून गेलेले. मांजरसुंब्याला ढाब्यावर कार्यकर्त्यांबरोबर चहा घेणार आहेत, असं कळलं. पाटलांनी गाडी तिकडं पिटाळली.

मांजरसुंब्याच्या फाट्यावर पोचले तेव्हा दुपारचे साडेबारा झाले होते. ढाब्याच्या बाजूला मोठा लिंब होता, त्याच्या सावलीत दोन ट्रक उभे होते आणि तिसऱ्या गाडीला जागा होती. पण तिथं लावली तर साहेबांना गाडी दिसली नसती. पाटलांनी ती रस्त्याच्या कडेला, धडधडीत उन्हात उभी केली.

"पाच मिन्टात आलो," ते मागे वळून म्हणाले.

"जा. आमी बसतो," मोठ्याबाई म्हणाल्या.

पाटील आणि रामकिसन उतरले. किल्ली पाटलांच्या बोटात होती. देवीच्या चांदीच्या पादुका आणि खणा-नारळाची पिशवी गाडीत होती, चार अनोळखी माणसं आसपास होती. त्यांनी सवयीनं बटण दाबलं. टुक असा आवाज झाला आणि चारी दारं बंद झाली.

ढाब्यावर सात-आठ कार्यकर्ते बसलेले होते. साहेब आत्ता येतील, वाटेत आहेत, असं प्रत्येक जण म्हणत होता. चहा आला. मग भजी आली. मग दुसरा चहा आला.

गाडीतला गारवा पहिल्या पाच मिनिटांतच संपला. विमलबाईंनी काचेचं बटण दाबलं, पुन्हा दाबलं. किल्लीशिवाय ते चालत नाही हे त्यांना कोण सांगणार? पाण्याचा थर्मास रामकिसननं बीडच्या आधीच रिकामा केला होता. संस्कृतीला उलटी झाली. विमलबाईंनी तिचं तोंड पदरानं पुसलं आणि दाराची मूठ ओढली. दार हललं नाही. दुसऱ्या बाजूचं ओढलं. तेही हललं नाही.

"मी पुढं चढून बघते," त्या म्हणाल्या.

मोठ्याबाईंनी त्यांचं मनगट धरलं. त्यांचा चेहरा लालबुंद झाला होता, तरी पकड घट्ट होती. "बस गप. समोरच्या काचंतून सगळं दिसतंय. तितं ट्रकवाले बसलेत. आपल्या घरच्या बायका ढाब्यावर उतरत न्हाईत. येतंय त्यो आता."

विमलबाई बसल्या. पंधरा वर्षं त्या ऐकतच आल्या होत्या. हाका मात्र मारत राहिल्या, काचेला तोंड लावून. बंद काचेतून त्यांचा आवाज बाहेरच्या ट्रकांच्या घरघरीत कुठंच पोचला नाही.

पाऊण तासानं मोठ्याबाईंची पकड सुटली. त्यांचं डोकं सुनेच्या खांद्यावर पडलं, आणि मग सगळा देहच अंगावर कलंडला. विमलबाईंना स्वतःला भोवळ येत होती. त्यांनी लेकीला पुढच्या सीटवर ढकललं. "दार उघड बाळा. न्हाई उघडलं तर काच वाजीव. जोरात वाजीव."

पुढच्या दाराची कळ वरती कुठं असते हे त्या पोरीला ठाऊक नव्हतं. तिनं दाराची मूठ ओढली, दार हललं नाही, मग ती दोन्ही मुठींनी काच बडवायला लागली. गाडीला धक्का कळला. गाडीनं बोंब मारली.

ढाब्यावरच्या सगळ्यांनी माना वळवल्या.

"एखादं कुत्रं घासलं असंल," पाटील म्हणाले आणि खिशातून रिमोट काढला. "बघा, हितनं बसल्या जागी गप करतो." त्यांनी बटण दाबलं. बोंब थांबली. सगळे हसले.

"साहेबांच्या गाडीला बी असलं न्हाई," रामकिसन म्हणाला.

मिनिटभरात गाडी पुन्हा ओरडली. "पाटील, आता मला दाबू द्या," एक कार्यकर्ता म्हणाला. त्यानं दाबलं. बोंब थांबली. तिसऱ्या वेळेला रिमोट तिसऱ्याच्या हातात होता. टाळ्या पडल्या.

चौथ्यांदा गाडी ओरडली नाही.

ढाब्यावर भाकरी करणारी जगदेवी तेवढ्यात भांड्यांचं पाणी फेकायला रस्त्याच्या बाजूला आली. चाळिशीची बाई, बारा वर्षं त्याच चुलीपुढे बसलेली. समोरच्या काचेला आतून एक लहान पंजा चिकटलेला तिला दिसला. पंजा हळूहळू खाली घसरत होता. जगदेवीनं हातातलं भांडं टाकलं, मसाल्याचा वरवंटा उचलला आणि धावत जाऊन पुढच्या दाराच्या काचेवर घातला. तिसऱ्या घावाला काच फुटली.

या आवाजाला मात्र पाटील धावत आले.

"ए बाई, काच कुणाची फोडायलीस?" त्यांनी तिचा हात पिरगाळला. "नवी गाडी हाय!"

फुटलेल्या काचेतून भट्टीच्या तोंडासारखी धग त्यांच्या अंगावर आली. मग त्यांनी आत पाहिलं.

झाडाखाली बसलेले ट्रकवाले उठून आले. एकानं हात आत घालून कळ उचलली, संस्कृतीला कवेत घेऊन सावलीत नेलं. दुसऱ्यानं आपल्या गाडीतला पाण्याचा कॅन आणून विमलबाईंच्या डोक्यावर ओतला. तिघांनी मिळून मोठ्याबाईंना बाहेर काढलं आणि बाजेवर ठेवलं. पन्नास वर्षांत ज्यांचं पाऊल कोणी रस्त्यावर बघितलं नव्हतं, त्या मोठ्याबाई भर दुपारी मांजरसुंब्याच्या फाट्यावर, डोईवर पदर नसताना, गोळा झालेल्या शंभर माणसांसमोर पडल्या होत्या. आणि त्या शंभरातल्या एकानंही त्यांच्याकडे वाकड्या नजरेनं पाहिलं नाही.

बीडच्या दवाखान्यात पोचण्याआधीच त्या गेल्या. संस्कृतीला दोन दिवस सलाईन लावलं, ती वाचली. साहेब त्या दिवशी मांजरसुंब्याला आलेच नाहीत.

गावाला काय सांगायचं ते रामकिसननं ठरवलं. "हार्ट अटॅक म्हण. वय झालतंच. उगं घराचं नाव कशाला घालवायचं?" पाटलांनी मान डोलावली. गावानं ते ऐकलं, हळहळ केली, आणि देवीच्या वाटेवर मरण आलं म्हणून पुण्यवान बाई असंही म्हणून टाकलं. विमलबाई काहीच बोलल्या नाहीत. त्या नवऱ्याशीही बोलत नव्हत्या.

पण ढाब्यावरची ती बाई होती. बीडचा एक बातमीदार तिकडं चौकशी करून गेल्याचं सहाव्या दिवशी कळलं. पाटील सुतकातच एसटीनं मांजरसुंब्याला गेले. पिशवीत साडी-चोळी आणि नोटांचं पाकीट होतं.

जगदेवी भाकरी थापत होती. त्यांनी पिशवी तिच्यापुढे ठेवली. "लई उपकार झाले तुमचे. फकस्त त्या दिवशीचं कुणाला..."

"ती पिशवी उचला पाटील," ती मान वर न करता म्हणाली. "मी कुणाला सांगत फिरत न्हाई. मला भाकऱ्याला येळ पुरत न्हाई. पण एक इचारते. मी काच फोडली अन् तुमी पळत आलात. आधी काय बघितलंत?"

पाटलांनी पिशवी थोडी मागे ओढली.

"काच बघितलीत. माय मरत होती, लेक मरत होती, अन् तुमी माझा हात पिरगाळीत होता. हे बघा, अजून सूज हाय."

"आमच्या घरात रीत हाय बाई," पाटील कसंबसं म्हणाले. "आईच म्हणली, उतरायचं न्हाई. त्यांना पुढच्या दारानं उतरता आलं असतं."

"म्हणल्या असतील. जन्मभर ज्येला शिकवलं की खाली पाय ठिवला की अब्रू जाती, ते माणूस जीव जाईस्तोर पाय ठिवणार न्हाई. त्येंनी तुमची रीत शेवटपर्यंत पाळली. पाळून मेल्या. आता तुमी म्हणता त्येंचीच चूक." तिनं तव्यावरची भाकरी उलटली. "मी बारा वर्सं हितं ट्रकवाल्यांच्या पंगती वाढते. माझी अब्रू कुठं गेली? कुणी उलटं बोललं तर हातात उलथणं हाय. अब्रू म्हंजे काय काचंमागं झाकून ठिवायचं बोचकं हाय का? अन् झाकलं कुणापासून? ज्येंची नजर पडू नये म्हणून तुमी काळी काच घेतली, त्येंनीच तुमच्या लेकीला उचलून सावलीत नेलं. तुमची शाणी-सुरती माणसं तवा बटण दाबून टाळ्या वाजवीत होती."

 पाटील बाकड्यावर बसले. ते रडले नाहीत. रडायचाही हक्क आपल्याला उरला नाही, असं त्यांना वाटलं. पिशवी उचलून ते परत आले.

तेराव्याला पाटलांच्या दारात मांडव पडला. पुरुष मांडवात, बायका आतल्या घरात. आपल्याकडे तेराव्यालाही भाषणं होतात. रामकिसन माईकवर उभा राहिला.

"मोठ्याबाई म्हंजे खानदानी माणूस," तो म्हणाला. "उभ्या जन्मात त्या कधी रस्त्यावर उतरल्या न्हाईत. आजकालच्या लेकी-सुनांनी असा आदर्श..."

"रामकिसन, बस खाली," पाटील म्हणाले.

त्यांनी माईक हातात घेतला. डोक्याचं मुंडण केलेलं होतं. "अटॅक न्हाई. मी खोटं बोललो. माझी आई गाडीत कोंडून मेली. कोंडलं मी. गाडीनं तीनदा आरडाओरडा केला. आमी तवा ढाब्यावर चहा पीत होतो, अन् बटण दाबून हसत होतो. तिसऱ्यांदा टाळ्या वाजीवल्या. ह्यो रामकिसन बी होता."



"दुखात हायेस बे तू. चल आत," रामकिसननं त्यांच्या खांद्याला हात लावला. पाटलांनी तो झटकला.

"माझी बायको म्हणली होती, मधलं घ्या, काच हातानं उघडती. मी तिला हसलो. मला ती गाडी तिच्यासाठी नकोच होती. मला ती तुमाला दाखवायला पायजे होती." ते घराकडे वळले. "विमल, भायेर ये."

त्या घरात बायकोचं नाव मांडवात आजवर कधी उच्चारलं गेलं नव्हतं. आत कुजबुज थांबली. बऱ्याच वेळानं विमलबाई उंबऱ्यात आल्या. संस्कृतीचा हात त्यांच्या हातात होता.

"आता हाक मारता," त्या म्हणाल्या. आवाज बारीक होता, पण माईकशिवाय शेवटच्या रांगेपर्यंत पोचला. "त्या दिवशी मी तासभर तुमाला हाका मारीत होते."

पाटलांनी माईक खाली ठेवला.

"मी येते भायेर. तुमी बोलावलं म्हणून न्हाई. माझी सासू माझ्या अंगावर मेली हाय. तिच्या तेराव्याला मला तिच्या फोटोपुढं बसायचं हाय."

त्या आल्या आणि पहिल्या सतरंजीवर, पुरुषांच्या पुढे, लेकीला मांडीशी घेऊन बसल्या. चार-पाच म्हातारे भाऊबंद न जेवता उठून गेले. रामकिसनही गेला, पण जेवून गेला. उरलेले खाली बघत बसून राहिले. एवढ्यानं गाव बदललं, असं सांगून मी तुम्हाला फसवणार नाही. त्या दिवशी आतून दुसरी एकही बाई बाहेर आली नाही.

पाटलांनी दुसऱ्या दिवशी स्वतः पातं घेऊन काचांवरचा काळा कागद खरवडून काढला. मागच्या दारांचे खटके उचलले. गाडी विकावी असं अनेकांनी सुचवलं, पण ते म्हणाले, विकली की मी विसरंन. विमलबाई आता पुढच्या सीटवर बसतात. नवऱ्याला त्यांनी माफ केलं का, हे त्यांनी कोणाला सांगितलेलं नाही, आणि विचारण्याची पाटलांची छाती नाही.

संस्कृती मात्र कुठल्याही गाडीत लगेच चढत नाही. ती दाराशी थांबते आणि विचारते, "बाबा, हे आतून उघडतंय का?" मग पाटील आधी स्वतः आत बसतात, दार लावून घेतात, आतून उघडून दाखवतात. एकदा दाखवून तिचं समाधान होत नाही. ती पुन्हा लावायला सांगते. चाळिशीचा तो बाप भर रस्त्यात मुकाट्यानं पुन्हा आत बसतो.

वाचकहो, उद्या तुम्हीही गाडी घ्याल, घर बांधाल, मुलीसाठी स्थळ बघाल. दुकानदार तुम्हाला बटणं दाखवेल, रंग दाखवेल, आणि घराण्याच्या गोष्टी सांगणारे रामकिसन तर गल्लोगल्ली आहेत. ज्या जागेचं दार आत बसलेल्या बाईला आतून उघडता येत नाही, तो कोंडवाडा. मग तो कितीही गार असो आणि त्याला आपण अब्रू म्हणत असू. घेण्याआधी तिला विचारा. ती मधलं मॉडेल म्हणाली, तर हसू नका.